ड्रायरला स्थळ येईना

आमच्या दुकानात आलेला माणूस मशीन घेऊन जाईलच असं नाही, पण किस्सा मात्र ठेवून जातो. उल्हासनगरला वॉशिंग मशीनच्या काउंटरवर मला चौदा वर्षं झाली. रोज दहा माणसं एकच प्रश्न विचारतात, "ताई, भरवशाचं कुठलं?" आणि दहा तऱ्हांनी माझं डोकं खातात. अंबरनाथला घरी जाऊन सांगायला बसले की माझी मुलगी म्हणते, "आई, तू सेल्समध्ये आहेस की सर्कशीत?"

दुकानात आम्ही तिघं. मालक गोपसेठ, सिंधी गृहस्थ, गल्ल्यावर बसून सगळ्यांची फिरकी घेणारे. दिनेश, बदलापूरच्या पुढच्या एका गावातला, मशीन घरी पोचवून बसवून देणारा. आणि मी सुषमा. माल कुठला मागवायचा हे सेठ मला विचारून ठरवायचे, आणि त्याचा मला भारी तोरा होता.

तो तोरा ड्रायरने उतरवला.

*

दोन वर्षांपूर्वी मीच सेठना म्हटलं, "बदलापूरला एवढे टॉवर झालेत, चार महिने कोणाचे कपडे वाळत नाहीत. एक ड्रायर मागवू या." आला. पांढराशुभ्र, गोल काचेच्या दाराचा. दुकानाच्या दर्शनी काचेजवळ मधोमध उभा केला.

पहिलंच गिऱ्हाईक कौतुकाने पुढे आलं. दार उघडलं, आत डोकावलं, मागून फिरून आलं.

"मॅडम, धुवायची बाजू कुठाय?"

"हा नुसता ड्रायर आहे. कपडे वाळवतो."

"ड्रायर तर आमच्या मशीनला आहेच की! बाजूचा छोटा डबा."

"तो कपडे पिळतो, दादा. हा वाळवतो. इस्त्रीला घेता येतील इतके."

त्यांनी माझ्याकडे दयेने बघितलं. "म्हणजे धुणारं अर्धं मशीन कंपनीने दिलंच नाही तुम्हाला. परत पाठवा!"

गल्ल्यावरून सेठ म्हणाले, "सुन लिया, सुषमा मॅडम? आधी मशीन मंगाई है आपने!"

त्या दिवसापासून ड्रायरचं नाव पडलं 'सुषमाची लेक'. कोणी त्याच्यापुढे उभं राहिलं की दिनेश लांबून विचारायचा, "स्थळ आलं काय, ताई?" बघायला सगळे यायचे. पसंत कोणी करेना.

*

एमआयडीसीतल्या इंजिनीअरिंग कंपनीतले एक सुपरवायझर वही घेऊन आले. प्रत्येक मशीनवर बोटाने टकटक करून, माठ घेताना ऐकतात तसा आवाज ऐकला. बेअरिंग, मोटर, ड्रमचा पत्रा, सर्व्हिसवाला किती दिवसांत येतो, सगळं लिहून घेतलं. दीड तासाने वही मिटली.

"ते सगळं राहू द्या. तुमच्या घरी कुठलं आहे?"

मी खरं ते सांगितलं. साधं सेमी-ऑटोमॅटिक, अकरा वर्षं झाली, एकदाही बिघडलं नाही.

"तेच द्या!"

"ते मॉडेल बंद झालं, सर."

ते काउंटरवर वाकले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "नाही, मी म्हणतो, तुमचंच द्या. नव्याचा काय भरवसा? तुमचं अकरा वर्षं टेस्ट झालेलं आहे!"

*

'इन्व्हर्टर' या शब्दाने तर मला सळो की पळो केलंय. मशीनवर ठळक लिहिलेलं असतं. मोटर कमी-जास्त वेगाने फिरते, वीज वाचते, एवढाच त्याचा अर्थ. बदलापूरच्या एका ताईंना मी हे तीनदा समजावलं. त्यांनी तीनदा मान डोलावली आणि मशीन नेलं.

आठव्या दिवशी फोन. "अहो, लाईट गेली आणि तुमचं मशीन बंद पडलं!"

"ताई, लाईट गेल्यावर बंदच पडणार."

"मग इन्व्हर्टर कशाला लिहिलंय? मी तर त्याच्यावर फ्रिजपण लावून बघितला!"

*

दिनेशच्या मावशीने फ्रंट लोड घेतलं. दिनेश म्हणाला बसवायला येतो, तर मावशीच्या पोरांनी सांगितलं, "आम्ही बसवतो, त्यात काय मोठं!" आता नव्या मशीनच्या मागे वाहतुकीत ड्रम हलू नये म्हणून चार बोल्ट असतात. ते काढायचे असतात, नाहीतर मशीन गदागदा हलतं. पोरांनी मशीन पुसलं, हार घातला, नारळ फोडला. बोल्ट तसेच.

दुसऱ्या दिवशी दिनेशने काउंटरवरून फोन लावला, स्पीकरवर. "मावशे, मशीन चालतं ना बराबर?"

"चालतं म्हंजे? मोरीतना निंगालं ता ओटीवर आलं! आता दारान उभं हाय. तू येतस, का मी त्याला गेट उघडून देऊ?"

*

उल्हासनगरच्याच कॅम्पातल्या एका जीन्स धुलाई कारखान्याचे मालक बायकोला घेऊन आले. त्यांच्याकडे ऐंशी-ऐंशी किलोची मशीनं. आमच्या सात किलोच्या मशीनमध्ये हात घालून म्हणाले, "ये क्या है? इसमें तो मेरा रुमाल आएगा!"

मी म्हटलं, सर, घरच्या चार माणसांना पुरतं.

"घर के कपड़े फैक्टरी भेज दे ना," ते बायकोला म्हणाले, "मशीन काय को लेने का?"

बाई मशीनचं झाकण उघडून बघत होत्या. माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाल्या, "भेजे थे एक बार. ससुरजी का सफ़ेद पाजामा नीला आया, घुटने पे फटा हुआ. बोले, फैशन है!"

मशीन त्यांनी अर्ध्या मिनिटात पसंत केलं. ड्रायरकडे मात्र दोघांपैकी कोणी बघितलंसुद्धा नाही.

*

त्याच्याकडे प्रेमाने बघणारं एकच स्थळ आलं. जवळच राहणाऱ्या एक सिंधी आंटी. पावसाचे दिवस, चिखलाने भरलेल्या चपला दाराशी काढून आत आल्या आणि थेट ड्रायरच्या काचेवर हात फिरवला.

"बेटी, इसमें गरम हवा आती है?"

"हां आंटी!" माझा जीव सुपाएवढा झाला.

"अच्छे से सुखाता है?"

"एकदम कडक!"

"पापड़ सूखेंगे?"

दिनेश पुढे झाला. "आंटी, ये गोल घूमता है. पापड़ का चूरा होएगा, चूरा."

आंटींनी हात झटकला. "तो क्या हुआ? चूरा तो हम सब्ज़ी पे डालते हैं!"

त्या घ्यायला तयार होत्या हो! पण मला ते बघवेना. मीच नको म्हटलं. सेठनी कपाळावर हात मारला. "साईं, लड़की की माँ ही रिश्ता तोड़ रही है!" आणि तिथल्या तिथे जाहीर केलं की गणपतीच्या आत ड्रायर विकला गेला नाही तर परत जाईल, आणि यापुढे माल काय मागवायचा ते सेठ स्वतः ठरवतील.

मी हसून वेळ मारून नेली. घरी जाताना मात्र मला फार वाईट वाटलं. चौदा वर्षांत काउंटरवर जे कमावलं होतं ते एवढंच होतं, की कोणीतरी मला विचारतं.

*

गणपतीला चार दिवस होते. दुपारी जेवणाच्या वेळेला एक आजोबा आले. इस्त्रीचा शर्ट, हातात छत्री. बदलापूरहून आले होते, एमआयडीसीतल्या कंपनीतून फिटर म्हणून रिटायर झालेले.

"मला कपडे वाळवायचं मशीन पाहिजे," ते म्हणाले. "पिळायचं नको. वाळवायचं."

दोन वर्षांत पहिल्यांदा हा फरक कोणाला तरी माहीत होता! मी धावत जाऊन दार उघडून दाखवलं.

"एक चादर किती वेळात वाळते?"

"तासाभरात, काका."

"म्हणजे पहाटे चारला लावली तर सहाच्या आत पलंगावर घालता येईल. सूनबाई सहाला उठते."

मान हलवता हलवता मी मधेच थांबले. आजोबा माझ्याकडे न बघता मशीनशीच बोलल्यासारखं बोलू लागले.

"ऑपरेशन झाल्यापासून होतं असं कधीकधी. झोपेत कळत नाही. धुवायचं मशीन लावायला शिकलोय मी. पण चादर गॅलरीत घातली की दिसते. परवा पावसात वाळली नाही, तर ओलीच घातली आणि दिवसभर पलंगावरच बसून राहिलो. सूनबाईला अजून काही माहीत नाही. फार करते हो ती माझं. त्यात आणखी हे नको."

"घरी काय सांगणार?"

"सांगणार तिच्यासाठी आणलं. तिचे ड्रेस वाळत नाहीत पावसात. खरंच वाळत नाहीत."

सौदा झाला होता. मी फक्त गप्प बसायचं होतं. पण बसवेना. म्हटलं, "काका, एक सांगते. काम संपलं की हे वाजतं. गाणं वाजतं, मोठ्यांदा." आणि वाजवून दाखवलं. अर्धं मिनिट सगळ्या दुकानात ते टिणटिण गाणं घुमलं.

आजोबांचा चेहरा उतरला. "मग नको, बाई," म्हणाले आणि छत्री उचलली.

मी सेठकडे बघायचंच टाळलं. तेवढ्यात दिनेश मागून आला. "काका, थांबा. हे बटन असं दाबून धरायचं. गेला आवाज. दोन वरसं रोज पुसतोय मी हिला, हिचं मला सगळं ठाव हाय."

आजोबांनी स्वतः तीन वेळा लावून बघितलं. तिन्ही वेळा मशीन गपचूप थांबलं. मग त्यांनी खिशातून पत्ता लिहिलेला कागद काढला.

सेठ गल्ला सोडून उठले आणि त्यांना रिक्षापर्यंत धरून सोडून आले. परत आल्यावर कुठलीही फिरकी न घेता माझ्यापुढे कोरा कागद ठेवला. "दिवाली का माल लिख दे, बेटा."

लेकीची पाठवणी म्हणून टेम्पोत दिनेशबरोबर मीही गेले. दार सुनेने उघडलं. तिशी-पस्तिशीची, ओढणी कमरेला खोचलेली. "बाबा, कशाला हो एवढं माझ्यासाठी!" म्हणत ती मशीनभोवती दोनदा फिरली. आम्हाला चहा दिला. दिनेश हॉलमध्ये आजोबांना वॉरंटीचा कागद समजावत होता, तेव्हा ती कप घ्यायच्या निमित्ताने माझ्याजवळ आली.

"ताई, काम झालं की हे वाजतं का हो?" तिने हळूच विचारलं. "शेजारच्यांचं धुवायचं वाजतं."

मी हॉलकडे बघितलं. "वाजायचं. आम्ही बंद करून आणलंय."

"नक्की?"

"नक्की."

तिने कप उचलले. "बरं केलंत. तशी चारला मी जागीच असते. पण ते वाजलं, की मग उठावं लागेल ना!"