मरळ, लिंबू आणि वैशालीचा उजवा डोळा

पडद्यावर वैशालीचा उजवा डोळा इतका मोठा दिसत होता, की तो डोळा आहे हेच मला आधी कळलं नाही. डॉक्टरांनी स्लिट लॅम्पचा कॅमेरा सुरू केला होता. स्लिट लॅम्प म्हणजे हनुवटी टेकवून ज्याच्यासमोर बसायचं, ते डोळे तपासायचं दुर्बिणीसारखं यंत्र. बुबुळावर एक पांढरट दोरा पडलेला दिसला. मग तो दोरा वळला.

"कीड़ा है जी," डॉक्टर शांतपणे म्हणाल्या. "ज़िंदा है."

वैशालीला पडदा दिसत नव्हता आणि हिंदी ऐकूनही तिला ते खरं वाटलं नसावं. हनुवटी न हलवता तिने मला विचारलं, "काय म्हणाल्या हो?" मी म्हणालो, "थांब, बघतायत त्या."

डॉक्टर माझ्याकडे वळल्या. "इन्होंने कभी कच्ची मछली खाई है? नदी-तालाब की?"

हा प्रश्न मला महिन्याभरात तिसऱ्यांदा विचारला जात होता. आधी दोनदा मी नाही म्हटलं होतं. त्या दोन नकारांसाठीच हे लिहायला बसलो आहे, कारण तुमच्यापैकी कोणावर अशी वेळ आली तर निदान तुम्ही तोंड उघडावं.

मी देवगड तालुक्यातला. केंद्र सरकारच्या नोकरीत बदल्या घेत घेत चंडीगडला आलो. वैशाली साताऱ्याकडची, शाकाहारी घरातली. लग्नानंतर ती मासे खायला शिकली ती निव्वळ माझ्या भरवशावर. काटा कुठे असतो, कुठला मासा कधी घ्यायचा, सगळं मी शिकवलेलं. ती सेक्टर चौतीसमधल्या एका कोचिंग क्लासात गणित शिकवते. आमची जुई अकरावीत आहे, तिला मराठी सगळं समजतं पण उत्तर हिंदीत येतं.

कोकणातल्या माणसाला माशाच्या बाबतीत एक मस्ती असते आणि मला ती जरा जास्तच आहे. इथे बर्फात निजून आलेली सुरमई बघितली की मी नाक मुरडायचो. एका रविवारी बाजारात टबात जिवंत मरळ दिसली. इथे तिला सौल म्हणतात. पाण्यात उसळ्या मारत होती. म्हटलं, याहून ताजं आणखी काय असणार! आमच्याकडे ताजं म्हणजेच चांगलं. कल्ले लाल, डोळे टवटवीत, बोटाने दाबल्यावर खड्डा राहत नाही, संपली परीक्षा. लहानपणी खडकावर बसून कालवं फोडून, वर लिंबू पिळून तशीच गिळलेली. कधी काही झालं नाही.

तर मी त्या मरळीचे पातळ काप केले, भरपूर लिंबू, कांदा, हिरवी मिरची, मीठ लावून तासभर ठेवले. काप पांढरे झाले. जुईने ताटलीत डोकावून तोंड वाकडं केलं.

"पप्पा, ये तो कच्चा है यार."

"अगो, लिंबान शिजता ता," मी म्हणालो.

ती पोहे खाऊन उठली. वैशालीने मात्र माझ्याकडे बघून खाल्लं, चांगलं झालंय म्हणाली. मी तिच्या दुप्पट खाल्लं. मला आजतागायत काही झालेलं नाही, आणि याचा मला मनस्वी राग येतो.

दोन दिवस तिचं पोट दुखलं, मळमळलं. मग बरं वाटलं. तिसऱ्या आठवड्यात उजवा गाल सुजला. खाज, लाली, हात लावला तर गरम. चार दिवसांत सूज गेली आणि कानाजवळ आली. तिथून गेली, कपाळावर आली. आम्ही चक्क थट्टा केली. जुई म्हणाली, मम्मीची सूज पण ट्रान्सफरवाली आहे. आम्ही तिघेही हसलो होतो.

जवळच्या फिजिशियनकडे गेलो. रक्तात इओसिनोफिल खूप वाढलेले निघाले. इओसिनोफिल हा पांढऱ्या पेशींचा एक प्रकार. अ‍ॅलर्जीत वाढतो आणि शरीरात जंत शिरले तरी वाढतो. डॉक्टरांनी विचारलं, "कुछ कच्चा खाया? मांस, मछली?" मी हसलोच. म्हणालो, "डॉक्टर साहब, हम कोंकण के लोग हैं. मछली हमें मत सिखाइए." खरं सांगतो, तेव्हा मला ते काप आठवलेसुद्धा नाहीत. माझ्या लेखी ते कच्चे नव्हतेच. डॉक्टरांनी अ‍ॅलर्जीच्या गोळ्या दिल्या.

आठ दिवसांनी सूज भुवईवर आली. पुन्हा गेलो. डॉक्टरांनी कागद उलटसुलट करून पुन्हा तेच विचारलं, या वेळी सावकाश, वैशालीकडे बघून. आणि तेव्हा मला जुईचं वाक्य आठवलं. शब्दन् शब्द आठवलं. वैशालीने माझ्याकडे पाहिलं, म्हणजे उत्तर तुम्ही द्या. मागच्या खेपेला एवढ्या तोऱ्यात बोललेला माणूस मी. आता काय म्हणणार, की हो, मीच कापून, लिंबू पिळून बायकोला खायला घातली?

"नहीं जी," मी म्हणालो.

पाच दिवसांनी पापणी सुजून डोळा मिटला. सूज उतरली तर आतून डोळा लाल भडक, ठणका, नजरेसमोर धूर. तेव्हा डोळ्यांच्या इस्पितळात आलो आणि तो दोरा वळताना पाहिला.

तिसऱ्यांदा मी हो म्हटलं. किती, कधी, कशी, सगळं सांगितलं. डॉक्टर रागावल्या नाहीत. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यांनी समजावलं ते असं. नॅथोस्टोमा नावाचा एक जंत असतो. मूळचा कुत्र्या-मांजरांच्या पोटातला. त्याची अंडी पाण्यात जातात, तिथून अळ्या गोड्या पाण्यातल्या माशांच्या मांसात जाऊन बसतात. मासा ताजा असो, जिवंत असो, अळीला काही फरक पडत नाही. लिंबाने मांस पांढरं होतं, अळी मरत नाही. मिरचीने, मिठाने मरत नाही. आतपर्यंत नीट शिजवलं तरच मरते. माणसाच्या पोटात तिला पुढे वाढता येत नाही, म्हणून ती वाट शोधत कातडीखाली फिरत राहते. क्वचित डोळ्यात जाते, मेंदूतही जाते.

एमआरआय झाला. मेंदू स्वच्छ निघाला. मी देवाला हात जोडले आणि त्याच क्षणी स्वतःची लाज वाटली.

जंत काढायला ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी. तोवर तो डोळ्याच्या मागच्या भागात जाऊ नये म्हणून बाहुली आकसून ठेवणारे थेंब दिले. मागे गेला तर पडदा फाडेल, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. रेटिना म्हणजे डोळ्याचा आतला पडदा, तो गेला की नजर गेली. वेटिंग रूममध्ये वैशाली डोळ्यावर कवच लावून बसली होती. मधेच माझा हात घट्ट धरायची आणि म्हणायची, "आत्ता हलला हो." मी काय करणार? मी त्या हातावर हात ठेवून बसलो होतो. एवढा निरुपयोगी मी आयुष्यात कधी झालो नव्हतो. मनात एकच चाललेलं, माझा घे, दोन्ही घे, तिचा सोड.

जुई शाळेतून थेट आली. मला बाजूला घेऊन म्हणाली, "पप्पा, पहले वाले डॉक्टर को फिश वाली बात बताई थी ना आपने?"

"हो," मी म्हणालो. पोटच्या पोरीशी धडधडीत खोटं बोललो.

सकाळी तासाभरात डॉक्टर बाहेर आल्या. हातात लहान बाटली, तळाशी नखाएवढंही नसलेलं काहीतरी. जंत अख्खा निघाला होता. मग एकवीस दिवस अल्बेंडाझोल, म्हणजे जंतांची गोळी, सोबत सूज उतरायला स्टेरॉइड. पण आत रक्तस्राव झाला होता आणि जंताने पडद्यावर ओरखडे काढले होते. सहा आठवड्यांनी तक्त्यासमोर बसवलं. उजव्या डोळ्याने वरचं मोठं अक्षर वाचलं, त्याखालच्या ओळीत अडकली. चष्म्यानेही तेवढंच. "इससे ज़्यादा शायद नहीं आएगा," डॉक्टर म्हणाल्या. फळ्यावर काढलेली सरळ रेघ त्या डोळ्याला मधे मोडलेली दिसते. गणिताच्या बाईला.

मी डॉक्टरांना एकटं गाठून विचारलं, दुसऱ्या वेळी मी खरं बोललो असतो तर? गोळ्या आधीच सुरू झाल्या असत्या तर? त्या म्हणाल्या, "कहना मुश्किल है." "शायद हां, शायद नहीं." हे उत्तर मला जन्मभर पुरणार आहे.

घरी येऊन मी वैशालीला आणि जुईला समोर बसवलं आणि सांगितलं. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा मला आठवलं होतं. लाज वाटली म्हणून नाही म्हटलं.

जुई उठून आत गेली. वैशाली म्हणाली, "मला वाटलं, तुम्हाला कळतं म्हणून मी गप्प बसले. आणि तुम्ही माझ्या डोळ्यापेक्षा तुमची ऐट सांभाळलीत?"

तिने चार दिवस माझ्याशी एक शब्द काढला नाही, आणि जुई अजून नीट बोलत नाही.

डॉक्टरांचे, नर्सचे, क्लासमधल्या ज्या मुलांनी रोज घरी येऊन तिला वह्या वाचून दाखवल्या त्यांचे आभार मानायचे आहेत. पण सगळ्यात मोठं ऋण दुसरंच आहे. थेंब दिवसातून चार वेळा घालायचे असतात. त्या चार दिवसांतही वेळ झाली की ती खुर्चीत येऊन बसायची, न बोलता मान मागे करायची आणि डोळा उघडा धरायची. ज्या हाताने तिला ते काप वाढले, त्याच हाताखाली.

पाचव्या दिवशी डोळ्यांतल्या पाण्याने मला नीट दिसेना आणि थेंब तिच्या गालावर पडला. मी विचारणार होतो, दिसतोय का मी.

"रडू नका," ती म्हणाली. "नीट बघा आणि घाला. चुकला तो थेंब."