मागच्या सीट नकोत

माझा धंदा लोकांच्या दातांना तारा लावण्याचा. कोरमंगल्यात माझा दवाखाना आहे, आणि आसपासच्या पीजीत राहणारी पोरं नोकरीत जरा स्थिरावली की दात सरळ करून घ्यायला माझ्याकडे येतात. पंचवीस वर्षं दुसऱ्यांच्या तोंडात डोकावून माझी मान डावीकडे वाकडी झाली. पन्नाशी आली तेव्हा मी घरात जाहीर केलं, "मला आता स्पोर्ट्स कार घ्यायची आहे. बुटकी, रुंद आणि मोठ्यांदा ओरडणारी."

"असली एक घरात आहे की," अण्णा म्हणाले आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं.

अण्णा म्हणजे माझे वडील. आमचं घराणं बेंगळुरात इतक्या पिढ्या राहिलं आहे की घरात बाबा आणि आई हे शब्दच उरले नाहीत. वडील सगळ्यांचे अण्णा आणि आई सगळ्यांची अक्का. हेब्बाळच्या फ्लॅटमध्ये ते दोघं, मी आणि माझा नवरा राहतो. नवरा पुण्याचा. इतकी वर्षं इथे राहून तो कन्नडमधले 'स्वल्प' म्हणजे थोडं आणि 'सरी' म्हणजे बरं, एवढेच दोन शब्द शिकला आहे, आणि ते रिक्षावाल्यांवर अशा आत्मविश्वासाने फेकतो की रिक्षावाले घाबरून हिंदीत बोलायला लागतात.

माझी घोषणा ऐकून त्याने लगेच लॅपटॉप उघडला. अण्णा म्हणाले, "हंपवर घासणार." स्पीडब्रेकरला आमच्याकडे हंपच म्हणतात, आणि अण्णांच्या मते हे शहर हंपांना मधूनमधून रस्ते जोडून बनवलेलं आहे. अक्का शेंगा सोलत होती. ती म्हणाली, "आणि मी कुठे बसू?"

आम्ही सगळे हसलो. मीसुद्धा हसले, हे आधीच कबूल करते.

आमच्या घरी गाडीतल्या जागा ठरलेल्या आहेत. पुढची सीट अण्णांची, कारण मागे बसलं की त्यांना मळमळतं, शिवाय रस्ता फक्त त्यांना कळतो. गाडी कोणीही चालवो, ते तोंडाने चालवत असतात. "लेफ्ट घे, लेफ्ट, कुत्रं, बस, हंप, हंप, हंप!" मागे अक्का आणि मी, आणि आमच्या मधोमध पिशव्या. अक्काच्या पिशवीत नारळ, पाण्याची बाटली, उपम्याचा डबा, आणि अण्णांच्या मळमळीसाठी आवळासुपारी. पुढे बसूनही ती त्यांना लागतेच.

गाडी पसंत करणं सोपं निघालं. वैताग होता तो ऑप्शन्सचा. आम्ही चौघंही शोरूममध्ये गेलो. तिथे एका अंधाऱ्या खोलीत मोठ्या पडद्यासमोर बसवतात आणि एकेक गोष्ट विचारतात. चाकं कसली? ब्रेकच्या कॅलिपरचा रंग कोणता? शिवणीचा दोरा कुठल्या रंगाचा? सीटबेल्ट पिवळे की लाल? एसीच्या जाळीला चामडं हवं का? जाळीला चामडं कशाला, असं मी विचारलं. सेल्समन म्हणाला, "मॅडम, इट एलिव्हेट्स द केबिन." त्याचे दात सुरेख होते, म्हणून मी ऐकून घेतलं.

नवऱ्याने एक्सेल शीट करून आणली होती. "लिसन," तो मला म्हणाला, "एक्झॉस्ट इज नॉन-निगोशिएबल. तो नसेल तर पॉइंट काय?" एक्झॉस्ट म्हणजे बटण दाबलं की गाडी आणखी मोठ्यांदा ओरडते. नाक उचलणारी सोयही आम्ही घेतली. तिचंही बटण असतं. दाबलं की गाडीचं थोबाड चार बोटं वर होतं आणि हंप पार होतो. अण्णांनी या एका ऑप्शनला मान डोलावून परवानगी दिली.

मग चामड्याच्या नमुन्यांचा ट्रे आला आणि अक्का प्रथमच सावरून बसली. तिने एकेक तुकडा उलटून पाहिला, बोटांत चोळला आणि मला मराठीत म्हणाली, "ह्याचा रंग जाईल." मग दोन तुकडे घेऊन, साडीच्या दुकानात करतात तसं, उन्हात बघायला थेट बाहेर रस्त्यावर गेली. सेल्समन तिच्यामागे धावला. परत आला तेव्हा त्याचं इंग्रजी संपलेलं होतं. "मावशी मराठी बोलतासा की ओ! मी निपाणीकडचा." तिथून पुढे तो आमच्याशी माणसासारखा बोलायला लागला. अक्काने त्याला विचारलं, "ह्याच्यात काठ येत नाही का?" आणि त्याने खरोखर सीटच्या कडेला वेगळ्या रंगाची पट्टी मिळते ती दाखवली. मोरपंखी गाडी, आत तपकिरी चामडं आणि त्याला आमसुली काठ. एक्सेल शीटमध्ये यातलं काहीच नव्हतं.

आणि मग तो प्रश्न आला. "मॅडम, मागं दोन बारकी सीटं येतात. हवी का नको? नको म्हटलासा तर तिथं सामानाला जागा करून देतात. पैसे तेवढेच."

"हवीत!" अण्णा आणि नवरा एकदम म्हणाले. या दोघांचं एकमत मी लग्नानंतर तेव्हाच ऐकलं.

"अक्का मावेल," अण्णा म्हणाले. "बारीक आहे."

मावते की नाही हे बघायला तिला तिथल्या दाखवायच्या गाडीत घातलं. घातलं हाच शब्द बरोबर आहे. पुढची सीट वाकवली, अक्काने आधी पिशवी आत ढकलली, मग एक पाय, मग डोकं, मग दुसरा पाय कुठे गेला ते कोणालाच कळलं नाही. अण्णा पुढे बसले आणि त्यांनी सीट आपल्या पायांना सोयीची होईपर्यंत मागे घेतली. आतून आवाज आला, "सरी, सरी. स्वल्प अ‍ॅडजस्ट करते." तिचे गुडघे हनुवटीला लागले होते. डोकं काचेला टेकलं होतं. नवरा टेप घेऊन म्हणाला, "बघ, शी फिट्स!" बाहेर काढायला सेल्समन, मी आणि आणखी एक माणूस लागला, आणि तरी पिशवी आतच राहिली.

त्या संध्याकाळी मी तिच्या गुडघ्यांना बाम चोळत होते. मी विचारलं, "अक्का, तू कधी पुढे बसली आहेस का गं?"

तिने बराच विचार केला. "लग्नात," ती म्हणाली. मग म्हणाली, "नाही, तेव्हाही पुढे ह्यांचे काका होते. त्यांनाही मळमळायचं." थोड्या वेळाने ती म्हणाली, "एकदा बसून बघायचं होतं खरं. पन्नासावर वर्षं झाली, ह्यांचं टक्कल बघत गावोगाव हिंडले. पण जाऊ दे, ह्यांना मागे त्रास होतो."

मला स्वतःची भयंकर लाज वाटली. मी मागे तिच्या शेजारीच बसत आले होते आणि हा प्रश्न मी तिला कधी विचारला नव्हता. सकाळी दवाखान्यात पोहोचताच, एका मुलाचं तोंड उघडं ठेवून, मी सेल्समनला फोन लावला. "मागच्या सीट नकोत."

"मॅडम, सायबांची ती एक्सेल शीट..."

"गाडी कोणाच्या नावावर आहे?"

"तुमच्या की ओ."

"मग काढा. आणि घरात कोणाला बोलायचं नाही."

गाडी यायला दहा महिने लागले. तेवढ्या काळात किती तरी वाकडी तोंडं सरळ झाली, पण ही बातमी माझ्या तोंडून फुटली नाही. अण्णा शेजाऱ्यांना सांगत होते, "चौघं आरामात बसतो." मी मान हलवत होते, तीही डावीकडेच.

डिलिव्हरी बुधवारी होती. बुधवारी राहुकाळ बाराला लागतो, त्यामुळे बाराच्या आत गाडी शोरूमबाहेर पडलीच पाहिजे असं अण्णांनी बजावलं होतं. राहुकाळ पाळण्यात आमच्या घरात त्यांचा हात धरणारं कोणी नाही. आम्ही दहालाच पोहोचलो. गाडीवर काळा कपडा होता, केक होता, पुठ्ठ्याची मोठी किल्ली होती. कपडा ओढला आणि नवऱ्याचे डोळे भरून आले. त्याने ते चष्म्यावर ढकललं.

अक्काने पूजा मांडली. चार चाकांखाली चार लिंबं, आरशाला गजरा, पुढच्या झाकणावर कुंकवाचं स्वस्तिक. मोरपंखी रंगावर तिचं बोट टेकलं तेव्हा सेल्समनने डोळे मिटून घेतले. ओवाळून झाल्यावर तो हळूच म्हणाला, "मावशी, इंजन मागं हाय. ही पुढची डिकी."

अक्का थांबली. "म्हणजे आत्ता मी रिकाम्या डिकीला ओवाळलं?"

"तसंच म्हणा की."

"आणि गाडी ओढणारा मागे बसतो होय?" ती ताट घेऊन मागे गेली आणि तिकडे तिने जरा जास्त वेळ ओवाळलं.

पावणेबारा वाजले. अण्णांनी त्यांच्या हक्काचं दार उघडलं, सीट पुढे वाकवली आणि अक्काला आत घालण्यासाठी ते बाजूला झाले. मग आत बघून म्हणाले, "सीटं कुठे आहेत?"

मागे छान गालिचा घातलेला कप्पा होता. त्यात दोन पिशव्या बसल्या असत्या. नवरा फोनवर शीट उघडून ओरडला, "व्हॉट इज धिस? रो एकेचाळीस! धिस इज क्लिअरली रो एकेचाळीस!" सेल्समन छताचे दिवे मोजायला लागला.

"मी काढायला सांगितल्या," मी म्हणाले.

"मग अक्का कुठे बसणार?"

"पुढे."

अण्णांनी गाडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "आणि मी कुठे बसू?"

हा प्रश्न आमच्या घरात या वेळी दुसऱ्याच माणसाने विचारला होता, आणि या वेळी कोणी हसलं नाही. लगेच अक्काच मधे पडली. "अय्यो, जाऊ दे की. हे बसू देत पुढे, मी जावयाच्या गाडीतून मागून येते. मला सवय आहे."

तेव्हा माझं डोकं फिरलं. "सवय आहे म्हणूनच!" मी इतक्या जोरात ओरडले की केक कापणारी बाई सुरी घेऊन मागे सरकली. "दहा महिने मी याच्यासाठी थांबले आहे. तू नाही बसलीस तर ही गाडी मी इथेच सोडून रिक्षाने घरी जाईन."

अण्णा दार धरून तसेच उभे. अकरा त्रेपन्न. सेल्समन घड्याळाकडे बघत भिंतीला सांगितल्यासारखं म्हणाला, "राहुकाळ लागतंय बघा."

अण्णांच्या चेहऱ्यावर जे युद्ध झालं ते मी जन्मात विसरणार नाही. अखेर राहू जिंकला. त्यांनी दार पूर्ण उघडलं आणि खालच्या आवाजात म्हणाले, "बस."

मला भीती होती की एवढ्या खाली तिला बसता येणार नाही. ती एका दमात बसली. "पाटावर बसल्यासारखं आहे की!" ती म्हणाली. लिंबं चिरडून आम्ही बाराला तीन मिनिटं असताना बाहेर पडलो. अण्णा नवऱ्याच्या गाडीत पुढे बसले, आणि मागची सीट, आमच्या आठवणीत पहिल्यांदाच, रिकामी निघाली.

ताशी तीनशेच्या आसपास जाणारी गाडी हेब्बाळच्या दिशेने ताशी अठराने निघाली. गाडी इतकी बुटकी की बाजूला फक्त बसची चाकं आणि रिक्षावाल्यांच्या चपला. अक्का नुसती समोर बघत बसली होती. पिशवी मांडीवर घट्ट. मला वाटलं, तिला आवडलं नाही. हे सगळं मी माझ्याच समाधानासाठी केलं, असं वाटून मला रडू यायला लागलं.

मग ती म्हणाली, "पुढून रस्ता येताना दिसतो."

"म्हणजे?"

"मागे खिडकीतून गेलेला दिसायचा. झाड गेलं, दुकान गेलं. इथे ते आधी येतं." ती जरा पुढे सरकली. "आणि तो बघ, हंप येतोय. ते बटण कुठलं?"

मी दाखवलं. तिने दाबलं. घूंऽ करत गाडीचं नाक वर आलं, आम्ही हंप ओलांडला आणि अक्का लहान मुलीसारखी खिदळली. त्यानंतर तिला थांबवणं अवघड होतं. "हंप! लेफ्ट घे, कुत्रं! हंप!" नसलेल्या हंपांवरही तिने नाक उचललं. एका सिग्नलला तिने एक्झॉस्टचंही बटण शोधून काढलं, आणि शेजारच्या स्कूटरवाल्याने मला काय म्हटलं ते मी इथे लिहीत नाही.

आम्ही सोसायटीच्या फाटकाशी पोहोचलो तर अण्णा आधीच येऊन उभे होते. त्यांनी गल्लीबोळांतून जवळचा रस्ता काढला होता. चेहरा हिरवट दिसत होता. आवळासुपारी अक्काच्या पिशवीत आमच्याबरोबर आली होती. त्यांनी अक्काच्या बाजूचं दार उघडलं.

"झालं ना बसून? उतर आता. मी एक चक्कर मारून येतो."

अक्काने पिशवीतून आवळासुपारीची डबी काढून त्यांच्या हातात ठेवली.

"स्वल्प अ‍ॅडजस्ट करा," ती म्हणाली. "अजून बेसमेंटचा उतार राहिलाय." तिने दार ओढून घेतलं आणि बटण दाबलं. अण्णांच्या समोर गाडीचं नाक घूंऽ करत वर आलं, आणि अण्णा बाजूला झाले.