वठलेल्या सागाची राखण

घरातले म्हणतात, मी देवळाबाहेर चप्पल काढतानाही शेजारच्या माणसाला एकदा निरखून घेते. खोटं नाही. त्यामुळे दिवाळीच्या तोंडावर शहाद्याला आलेला तो पाहुणा मला पहिल्या भेटीतच खटकला. ओळखीच्या ओळखीतून आलेला, गळ्यात हातभर लांब लेन्स. मी रविवारी तोरणमाळच्या पायथ्याच्या रानात पक्षी बघायला जाते, हे त्याला कुणीतरी सांगितलं होतं.

त्याला घेऊन मी जीपनं निघाले. वाटेत कोतवाल दिसला, नीलकंठ दिसला. त्यानं एकाचाही फोटो काढला नाही. विचारत राहिला ते एवढंच: रानपिंगळा कुठल्या झाडावर असतो, ढोली किती उंच, रात्री आत असतो का? जीपवाले दादा माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "ताई, हाऊ पक्षी कमी नि झाडंच जास्ती देखी ऱ्हायना." तो झाडंच न्याहाळतोय हे मलाही दिसलं होतं; माझ्या मनात शंकेची पाल आधीच चुकचुकली होती.

रानपिंगळा म्हणजे छोटंसं घुबड, जगात मोजक्याच रानांत उरलेलं. आमच्याकडे एक जोडी वठलेल्या सागाच्या ढोलीत राहते. ते झाड मी सख्ख्या भावालाही सांगितलेलं नाही. दिवाळीच्या अमावस्येला घुबडाचा बळी दिला की घरात लक्ष्मी येते, असं मानणारे महाभाग अजून आहेत, आणि त्यांना घुबडं पुरवणारेही. गळ्यात कॅमेरा असला की पिशवीत काय आहे, हे कुणी विचारत नाही.

म्हणून मी त्याला भलत्याच झाडापाशी नेलं. शेताच्या बांधावरच्या मोहाच्या झाडात साध्या पिंगळ्यांची जोडी असते. तेवढंच अंग, तसेच पिवळे डोळे. नवखा हमखास फसतो. शिवाय शेजारी घर आणि दोन खवट कुत्री, त्यामुळे तिथं रात्री फिरकायची कुणाची बिशाद नाही.

त्यानं फोटो काढला, स्क्रीनवर मोठा केला. "ताई, डोक्यावर ठिपके बघा किती! रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ कोरं असतं. हा साधा पिंगळा."

"अगंबाई, हो का?" मी म्हटलं.

त्यानं आदल्या दिवशीचा फोटो समोर धरला. कोरं डोकं, गडद तपकिरी छाती, आणि मागं तोच साग.

"तुम्ही झाड दाखवता का, ते बघायचं होतं," तो म्हणाला. "पैसे घेऊन दाखवणारे पुष्कळ असतात."

म्हणजे हा माझी परीक्षा घेत होता! राग आला, पण भीती जास्त वाटली. आता झाड त्याला ठाऊक होतं, आणि पक्षी अचूक ओळखणारा चोर अडाण्यापेक्षा वाईट.

लक्ष्मीपूजन जावेवर सोपवून मी अमावस्येला दिवेलागणीच्या आत जीपनं रानात गेले. सागाखाली तो आधीच बसला होता. कॅमेरा नव्हता, हातात काठी होती. मला बघताच उठून उभा राहिला.

"आज तुम्ही इथं कशाला?" त्यानं दरडावून विचारलं.

"मी तेच विचारते," मी म्हटलं.

मग तो खोडाच्या अलीकडे बसला, मी पलीकडे, आणि उजाडेपर्यंत आम्ही एकमेकांवर नजर ठेवून राहिलो.