आईंना आलेला वास

आधीच सांगते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणाऱ्यांतली नाही. नजर, बाधा, अमावास्या असला विषय निघाला की मी उठून चहा टाकायला जाते. या ग्रुपवरचे अनुभवसुद्धा मी इतके दिवस नुसते वाचायचे आणि मनात हसायचे. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच जरा लाज वाटतेय. पण जे झालं ते माझ्या घरात, माझ्या डोळ्यांदेखत झालं. आठवलं की भीती नाही वाटत... किळस येते. अजूनही. जेवताना वाचू नका, एवढंच.

आम्ही दुबईजवळ अजमानला राहतो. मी रास अल खोरला एका फळांच्या होलसेलरकडे ऑफिसात आहे, म्हणजे सडक्या पपया आणि फुटलेले टोमॅटो यांच्या वासात माझा दिवस जातो. माझे मिस्टर दीपक दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या एका फॅक्टरीत मेंटेनन्सला. मुलगी सई, वय दहा. सासरे गेल्यावर आम्ही सासूबाईंना, म्हणजे आईंना, चिपळूणहून इकडेच आणलं, रीतसर रेसिडेन्स व्हिसावर.

आता मुख्य गोष्ट. आईंना वास येत नाही. पंधरा वर्षांपूर्वी त्या एसटीतून उतरताना मागच्या मागे पडल्या आणि डोक्याला मार लागला. बाकी सगळं बरं झालं, वास तेवढा गेला. वासाची नस तुटली, ती परत जुळत नाही, असं तिकडच्या डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं. हे काही नाटक नव्हे. एकदा मी ऑफिसातून आले तर दूध उतू जाऊन शेगडी विझलेली, गॅस चालू, अख्खं घर गॅसने भरलेलं, आणि आई ओट्याशेजारी शांतपणे गवार मोडत बसलेल्या. नासलेल्या दुधाचा चहा तर त्यांनी मला कितीदा दिलाय.

मागच्या ईदच्या सुट्टीत आम्ही जॉर्जियाला गेलो. इथली रेसिडेन्सी असली की वेगळा व्हिसा लागत नाही, साडेतीन तासांची फ्लाइट, त्यामुळे इथला जो तो तिकडे जातो. पॅकेजमध्ये एक दिवसाची गायडेड टूर होती – सकाळी डोंगरावरची मोनॅस्ट्री, दुपारी वायनरी. व्हॅनमध्ये आम्ही चौघं, शारजाचं एक केरळी जोडपं आणि नीनो नावाची गाइड, चाळिशीची, हसरी बाई.

मोनॅस्ट्रीत बायकांनी डोकं झाकायचं आणि कमरेला कापड गुंडाळायचं. दारात एक लाकडी खोकं होतं, त्यात येणाऱ्या-जाणाऱ्यांनी वापरलेली कापडं. आधीच्या बाईच्या घामाने ओलसर झालेलं ते कापड मला गुंडाळावं लागलं. गाठ मारताना त्यात एक लांब केस निघाला. माझं निम्मं लक्ष दर्शनाऐवजी त्या कापडाकडेच होतं. आईंना मात्र काहीच वाटत नव्हतं. त्यांच्याजवळ स्वतःचा पदर होता.

चर्चच्या मागे तळघरासारखी एक खोली होती. जुन्या काळी तिथले साधू स्वतः वाइन करायचे. जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेले मोठे मातीचे रांजण, नुसती तोंडं वर. आता सगळे रिकामे. गुडघे दुखतात म्हणून आई त्यातल्याच एका रांजणाशेजारी दगडावर टेकल्या आणि आत किती खोल आहे ते बघायला वाकल्या. अगदी तोंड आत घालून. मी म्हटलं, "आई, पडाल." त्या वर आल्या तर नाकातून पाणी वाहत होतं.

"मनीषा, वास आला गो."

"कसला?"

"ओल्या मातीचा."

मला वाटलं, गंमत करताहेत. मी स्वतः वाकून पाहिलं, मला नुसता थंड दगडाचा वास आला. पण व्हॅनमध्ये बसल्यावर सईने संत्रं सोललं आणि आई रडायलाच लागल्या. संत्र्याचा वास, माझ्या हँड क्रीमचा वास, दीपकच्या जॅकेटचा वास... एकेक हुंगून त्या नाव सांगत होत्या. पंधरा वर्षांनी. दीपकचे डोळे भरून आले. नीनोने विचारलं काय झालं, त्याने सांगितलं, तर तिने छातीवर क्रॉस केला. मी त्या वेळी म्हणत होते, नस जुळली असेल, चांगलंच झालं. इतका आनंदाचा दिवस होता तो. दुपारपर्यंत.

वायनरी म्हणजे एका कुटुंबाचं घरच होतं. वर द्राक्षांचा मांडव, खाली थंड खोली आणि जमिनीत तसेच पुरलेले रांजण. हे मात्र भरलेले, वर दगडी झाकणं. मालक जाडजूड, मिशाळ, प्रेमळ माणूस. त्याने काचेच्या जगमधून सगळ्यांना वाइन ओतली, सईला द्राक्षाचा रस. दीपक आणि मी कधीतरी घेतो. मी एक ग्लास संपवून दुसरा अर्धा केला. चव छान होती. नीनोला मी तसं सांगितलंही. हे मुद्दाम लिहितेय, कारण त्याचीच मला आज सगळ्यात जास्त शिसारी येते.

आई दाराशी बाकावर बसल्या होत्या. अचानक त्यांनी पदर नाकाला लावला.

"दीपू, इथे काहीतरी मेलंय."

"आई, वाइनचा वास आहे तो. आंबलेल्या द्राक्षांचा."

"आंबलेलं मला कळतं. हे मेलेलं आहे. त्या तिसऱ्या मडक्यात, तळाला."

त्या उठल्या आणि अंगणात जाऊन भडाभडा ओकल्या. आम्हांला कुणालाच कसला वास येत नव्हता. केरळी जोडपं एकमेकांकडे बघायला लागलं. मालकाने नीनोला विचारलं. तिने आधी टाळलं, मग हळूच सांगितलं. त्याचा चेहरा लाल झाला. साहजिक आहे. कोणी आपल्या घरी येऊन, आपलं खाऊनपिऊन, तुमच्या पातेल्यात मेलेलं आहे म्हटलं तर? दीपक सॉरी सॉरी म्हणत होता, मी आईंवर मनातून भयंकर चिडले होते.

त्या माणसाने झाकण काढलं. आत स्वच्छ, मधासारखी वाइन. त्याने ओगराळ्याने काढून आधी स्वतः प्यायली, मग आम्हांला हुंगायला दिली. काही नाही. छान वास. आई दारातूनच म्हणाल्या, "वरचं नको दाखवू म्हणावं. तळ बघ म्हणावं."

मग तो रागारागाने रांजण घासायचा लांब दांड्याचा ब्रश घेऊन आला आणि खालपर्यंत घालून फिरवला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा वर काढला तेव्हा ब्रशला काहीतरी अडकून आलं. मला आधी वाटलं चिंधी आहे. केस होते. केस आणि सैल पडलेली कातडी, आणि त्यातून एक शेपटी लोंबत होती. मोठा उंदीर. कधीचा कोण जाणे. तो बाहेर आल्यावरच वास सुटला... रोज सडक्या मालात काम करूनही मी तसा वास कधी घेतलेला नाही. गोड होता तो. हेच सगळ्यात वाईट.

मी नीनोला विचारलं, "आम्ही प्यायलो ती कुठली होती?"

तिने टेबलावरच्या जगकडे बघितलं आणि मग त्या रांजणाकडे.

पुढचं सांगत नाही. मी, दीपक, केरळी दांपत्य, सगळे द्राक्षांच्या मांडवाखाली ओळीने वाकलो होतो. मालक कट्ट्यावर डोकं धरून बसला होता. त्याचीही चूक असेल असं मला वाटत नाही.

एवढंच असतं तरी मी इथे लिहिलं नसतं. म्हटलं असतं, नाक नवीन-नवीन उघडलं, म्हणून तीक्ष्ण झालं असेल.

पण परतीच्या वाटेवर सईने परत संत्रं सोललं, आणि आईंना त्याचा वास आला नाही. क्रीमचाही नाही. कसलाच नाही. "गेला वाटतं," म्हणून त्यांनी तोंड खिडकीकडे वळवलं. विमानात त्यांनी माझ्याशी सीट बदलून घेतली. आधी त्या दीपकशेजारी होत्या. मी कारण विचारलं नाही.

अजमानला आल्यावर तिसऱ्या दिवशी मला कळलं. दीपक संध्याकाळी कामावरून आला, चहा घेऊन आईंशेजारी सोफ्यावर बसला आणि आई उठून उभ्या राहिल्या. पदर नाकाला. तोच चेहरा. तो म्हणाला, "फॅक्टरीतून आलोय ना, घाम असेल," आणि अंघोळ करून आला. आई म्हणाल्या, "अंघोळीने जाणारा नाही रे तो."

त्या दिवसापासून त्या त्याच्याबरोबर जेवायला बसेनात. ताट घेऊन किचनमध्ये जायच्या, दार लावून घ्यायच्या. तो जवळ आला की घशात काहीतरी अडकल्यासारखं करायच्या. एकदा त्याने त्यांच्या पाया पडायला वाकून हात लावला – त्याचा वाढदिवस होता – तर त्यांना उमळून आलं आणि त्या बाथरूमकडे धावल्या. तो तसाच वाकलेला राहिला. सई म्हणाली, "आजी इज बीइंग सो मीन टू बाबा." नवऱ्याची किळस त्याच्या आईला येतेय आणि मी मधे उभी. खरं सांगते, मला त्या बाईचाच वीट आला होता.

शेवटी दीपक फुटला. "आई, मी पोरगा आहे तुझा. काय केलंय मी?"

"पोरगा आहेस म्हणून तर इथे बसलेय. दुसरा कोणी असता तर मी घर सोडून गेले असते." त्या रडत होत्या. "त्या मडक्याच्या तळाचा वास आहे, दीपू. तोच. तुझ्या अंगात आहे."

मी म्हटलं, पुरे झालं, आता डॉक्टर. नाकाच्या डॉक्टरांकडे अपॉइंटमेंट घेतली, आईंची. तिघं गेलो. डॉक्टर लखनौचे होते, शांतपणे सगळं ऐकून म्हणाले, "ऐसा होता है. नस खराब हो तो दिमाग़ ख़ुद से बदबू बनाता है." मला हायसं वाटलं. मग त्यांनी टेस्ट केली. डोळे बंद करून लवंग, कॉफी, व्हिनेगर, साबण. आईंना एकही आला नाही. व्हिनेगर त्यांच्या नाकाखाली धरलेलं मलाच झोंबत होतं.

"कुछ नहीं आ रहा, माँजी?"

"यातलं काही नाही," आई मराठीतच म्हणाल्या. डोळे अजून मिटलेले. दीपक तेवढ्यात पाणी आणायला म्हणून बाहेर गेला होता. तो परत दारातून आत आला आणि मी बघत होते... आईंनी डोळे न उघडता तोंड फिरवलं. त्याचे बूट वाजले असतील, तुम्ही म्हणाल. कॉरिडॉरमध्ये माणसं येत-जात होती. मीही स्वतःला तेच सांगितलं.

घरी आल्यावर मी त्यांना किचनमध्ये नेऊन विचारलं, "नेमका कुठून येतो?" त्यांनी माझ्याच अंगावर बोट ठेवून दाखवलं. डावी कूस, फासळ्यांच्या खाली.

दीपकला काहीही होत नव्हतं. दुखणं नाही, ताप नाही, वजन कमी नाही. अल्ट्रासाउंडला तो यायला तयार नव्हता. "आईच्या नाकासाठी मी पोट दाखवू?" मी म्हटलं, "तिचं तोंड बंद करायला चल. रिपोर्ट क्लीन आला की तिच्या हातात देऊ. खलास." तेव्हा तो आला. तिथल्या मल्याळी डॉक्टरीणबाईंनी काय त्रास होतोय विचारलं, तर मी खोटंच सांगितलं, पाठ दुखते. खरं काय सांगणार होते?

त्या प्रोब फिरवत होत्या, गप्पा मारत होत्या, आणि डाव्या बाजूला आल्यावर प्रोब तिथेच धरून त्यांनी स्क्रीन जवळ ओढला. डाव्या किडनीवर गाठ होती. लहान. पुढे सीटी, मग ऑपरेशन. सर्जन म्हणाले, एवढ्या लवकर सहसा सापडत नाही, पेशंट येतो तोवर फार उशीर झालेला असतो, तुम्ही नशीबवान आहात. गाठ वाईट होती. तेवढा भाग काढून टाकला.

चौथ्या दिवशी दीपक घरी आला. आई बेडरूमच्या दारात उभ्या होत्या, आत यायला घाबरत. मग आल्या. त्याच्या शेजारी बसल्या, वाकल्या, आणि त्याच्या डाव्या कुशीपाशी नाक नेऊन बराच वेळ तशाच राहिल्या. पट्टीला औषधाचा उग्र वास येत होता, मला लांबून येत होता.

"काही नाही रे आता," त्या म्हणाल्या. "काहीच येत नाही."

दीपक छताकडे बघत होता. तसाच म्हणाला, "मी बरा झालो म्हणून येत नाही, आई, की तुझं नाक परत गेलं म्हणून?"

आईंनी उशाशी पडलेला डेटॉलचा बोळा उचलला, नाकाला लावला, खाली ठेवला.

"ते मला कसं कळणार, दीपू?"

नाकाच्या डॉक्टरांना मी नंतर सगळं सांगितलं. ते म्हणाले, योगायोग. सर्जनना सांगितलं, ते हसले. काही रोगांना वास असतो असं मी मोबाइलवर वाचलंय, पण ज्या बाईला नाकाखालचं व्हिनेगर कळत नाही तिला तो कसा यावा, याचं उत्तर कुठेच नाही. तुमच्यापैकी कोणाला ठाऊक असेल तर सांगा. मी खरंच विचारतेय.

आता सगळं ठीक आहे. पहिला स्कॅन स्वच्छ आला, पुढचा अजून व्हायचाय. आई परत आमच्याबरोबर टेबलावर जेवतात, त्याच्या शेजारच्याच खुर्चीवर. फक्त एक झालंय. दीपक रोज कामावरून आला की लगेच आत येत नाही. बूट काढायच्या निमित्ताने दारातच थांबतो, आणि आधी आईंच्या तोंडाकडे बघतो.