टोपली रिकामी आणा

"टोपली रिकामी आणा. वास नको."

कार्यक्रमाचा आयोजक हसून बोलला. रत्नागिरीत समुद्रकाठच्या हॉटेलात, नव्या औषधांना भांडवल देणाऱ्या एका फंडाचा कार्यक्रम होता. मी सूक्ष्मजीवशास्त्रात पीएचडी केलेली बाई. कोळंबीच्या टरफलांपासून मधुमेहाच्या जखमांवरची पट्टी मी बनवली. आणि त्यांना माझा फोटो हवा होता, नऊवारीत, आईची टोपली डोक्यावर घेतलेला.

आई मासे विकते. माझ्या शाळेत पालकसभेला येताना टोपली कोपऱ्यावरच्या दुकानात ठेवून, साबणाने हात धुऊन यायची. तरी शिक्षिका तिला दारातच उभी ठेवायच्या. त्याच टोपलीला आता मागणी आली होती. मला राग यायला हवा होता. आला तो थकवा.

आईच्या पायाची जखम भरत नव्हती, तिथून हे काम सुरू झालं. प्रयोगशाळेपुरतं सरकारी अनुदान मिळालं. पुढे माणसांवरची चाचणी. तिला पैसा कोणी देत नाही. बँक तारण मागते. कंपन्या म्हणतात, आधी चाचणी करा, मग या. पुण्या-मुंबईचे हेलपाटे घालून जीव मेटाकुटीला आला. तेव्हा हा फंड म्हणाला, आमचं मॉडेल नवं आहे. अर्धा पैसा मुंबईच्या गुंतवणूकदारांचा, अर्धा किनाऱ्यावरच्या बायकांच्या बचत गटांचा. औषध चाललं तर सगळे वाटेकरी. ऐकून मला भरून आलं होतं, खोटं कशाला बोलू.

फोटो त्या गटांना दाखवायचा होता. आपलीच पोर म्हटल्यावर बायका पैसे टाकतील.

मी विचारलं, "बुडालं तर आधी कुणाचं बुडणार?"

मुंबईहून आलेले साहेब म्हणाले, "गटांचं. त्याशिवाय मोठा पैसा येत नाही. ते तुम्हाला नाही कळायचं. तुम्ही विज्ञान बघा आणि टोपली घ्या."

मला चांगलं कळलं होतं. अशी बहुतेक औषधं चाचणीतच मरतात. माझी पट्टीही मरू शकते. मग आईची, शेजारच्या काकूंची, सगळ्या बंदराची पुंजी पहिली जाणार. आणि ती गोळा होणार माझ्या तोंडाकडे बघून.

आई टोपली घेऊन दाराशी उभी होती. इतक्या खुर्च्या रिकाम्या, पण तिला कोणी बस म्हटलं नव्हतं. ती हळूच म्हणाली, "घे गो बाय. फोटोच तं हाय. तुझा काम व्हईल."

मी तिला सांगितलं, पट्टी चालली नाही तर आधी तुमच्या गटाचे पैसे बुडणार.

तिनं टोपली काखेला मारली. मग म्हणाली, "मंग चल घरा."

मी साहेबांना म्हटलं, "फोटो निघणार नाही. माझी पट्टी तुमच्या यादीतून काढा." कोणी अडवलं नाही. बाहेर पुढची उमेदवार थांबलेलीच होती.

दुसऱ्या दिवशी गटाच्या बैठकीत जाऊन मीच सांगितलं, यात पैसे टाकू नका. माझ्या पट्टीसाठीसुद्धा नको.

पट्टी फ्रिजमध्ये पडून आहे. आईची जखम अजून ओली आहे. मी दमले आहे, पण अर्ज करणं सोडलेलं नाही. आता कुठेही गेले तरी पहिला प्रश्न मीच विचारणार. बुडालं तर आधी कुणाचं? आमच्या बायकांचं, असं उत्तर आलं की उठणार. आणि बसणार, ती आधी आईला खुर्ची मिळाल्यावर.