उबीनमधल्या घराची तुळई

मी सिंगापूरला आले त्याला दहा-अकरा वर्षं झाली होती. आम्ही बेडोकला अकराव्या मजल्यावर राहायचो. माझं काम सॉफ्टवेअर तपासायचं, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्यातल्या चुका शोधायचं. आठवडाभर खुर्चीत बसून पाठ आखडायची, म्हणून एका रविवारआड मी सायकल चालवायला पुलाउ उबीन नावाच्या छोट्या बेटावर जायची. नवरा एकदोनदा आला, मग त्याला कंटाळा आला. मुलगी तेव्हा बारा वर्षांची होती. तिला घाम आवडायचा नाही.

बेटावरच्या मुख्य रस्त्यापासून जरा आत लाकडी खांबांवर उभं असलेलं एक जुनं घर होतं. तिथे एक मलय जोडपं राहायचं. दोघंही सत्तरीच्या पुढची. आजोबा पूर्वी बेटावरच्या दगडाच्या खाणीत कामाला होते. खाण बंद झाल्यावर त्यांनी घराच्या ओट्यावर शहाळी विकायला सुरुवात केली. मी त्यांना पाकचिक म्हणायची आणि आजींना माकचिक, म्हणजे काका आणि मावशी. तिथे सगळेच तसं म्हणतात. आमचं बोलणं मोडक्यातोडक्या इंग्रजीत आणि थोड्याशा मलयमध्ये चालायचं.

एका रविवारी मी ओट्यावर शहाळं पीत बसले होते आणि माझ्या खुर्चीचा मागचा पाय फळीतून आरपार खाली गेला. मी पडले नाही, पण शहाळं सांडलं. पाकचिकनी खुर्ची वर काढली, वाकून भोकाकडे पाहिलं आणि फळीचा तुकडा बोटांनी चुरला. तो ओल्या पावासारखा चुरला गेला. खालून पाहिलं पाहिजे, असं ते म्हणाले. पण त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. त्यांना गुडघ्यावर बसता यायचं नाही, मग घराखाली रांगणं तर दूरच. मी म्हटलं, मी जाते. का म्हटलं ते आजही नीट सांगता येत नाही. फळी माझ्या खुर्चीखाली तुटली होती हे एक कारण असावं.

घराखाली जेमतेम कमरेइतकी जागा होती. चारही बाजूंनी पत्रे ठोकून ती बंद केलेली होती. रानडुकरं खाली येऊन माती उकरायची, म्हणून काही वर्षांपूर्वी पत्रे लावले होते. पाकचिकनी एक पत्रा काढून दिला आणि हातात टॉर्च आणि स्क्रूड्रायव्हर दिला. आत शिरल्यावर पहिल्यांदा जाणवला तो वास. बंद माठात पाणी बरेच दिवस राहिलं की येतो तसा. बाहेर कडक ऊन होतं आणि इथली माती हाताला गार, ओली लागत होती.

ते वरून फळीवर काठी आपटून जागा दाखवायचे, मी खालून तिथल्या लाकडात स्क्रूड्रायव्हर टोचायची आणि ओरडून सांगायची. टोक अडलं तर लाकूड चांगलं. आत गेलं तर किती बोटं गेलं ते सांगायचं. वाळवी आहे का, असं त्यांनी विचारलं. वाळवी करते तशा मातीच्या नळ्या कुठेच नव्हत्या. लाकूड चौकोनी तडे जाऊन तपकिरी झालं होतं आणि त्यावर पांढरट बुरशीचं जाळं होतं. म्हणजे कुजणंच होतं.

ओट्याखालून मी घराच्या मध्यापर्यंत सरकत गेले. तिथे स्वयंपाकघराजवळ मुख्य तुळई होती, आणि तिच्याखाली काहीतरी रचून ठेवलेलं दिसलं. खाली विटा, त्यावर सिमेंट भरलेला बिस्किटांचा डबा आणि सगळ्यात वर भाजी चिरायची जाड लाकडी फळी. तुळईचं टोक खांबापाशी पूर्ण कुजलं होतं. तिचा सगळा भार त्या डब्यावर होता.

वरून पाकचिकनी काठी आपटली. तिथे काय आहे, असं ते विचारत होते.

मी उत्तर देणार तेवढ्यात काढलेल्या पत्र्याच्या जागी माकचिकचा चेहरा दिसला. त्या ओणव्या होऊन आत पाहत होत्या. त्यांनी सांगू नको अशी मान हलवली. मी वर ओरडून सांगितलं की इथे अंधार आहे, पुढच्या वेळी पाहते.

हात धुवायला त्या मला विहिरीवर घेऊन गेल्या. पाणी ओतता ओतता त्यांनी सगळं सांगितलं. दोन वर्षांपूर्वी स्वयंपाकघराची जमीन कलती झाली होती. पाकचिक बेटाबाहेर दवाखान्यात गेले की त्या एकट्या खाली रांगत जायच्या आणि एकेक वीट ठेवायच्या. मुलगा बेटापलीकडे शहरात, जुरोंग ईस्टला राहायचा. घराचं आणखी काही मोडलं तर तुम्हाला इथे ठेवणार नाही, असं त्याने बजावलं होतं.

"यांना कळलं तर हे मुलाला सांगतील," त्या म्हणाल्या. "यांना खोटं बोलता येत नाही. मला येतं."

मी घरी आले. माझे कपडे पाहून मुलगी तिथल्या इंग्रजीत म्हणाली, "आई, सो डर्टी लाह." नवऱ्याला मी सगळं सांगितलं. त्याचं म्हणणं पडलं की लोकांच्या घरातल्या गोष्टीत आपण पडू नये. मलाही ते पटलं. तरी पुढच्या रविवारी मी गेले, कारण ओट्याचं काम कबूल केलं होतं.

ओट्याखालचे दोन वासे आम्ही बदलले. कुजलेला भाग दिसतो त्याच्या हातभर पुढे कापायचा, हे पाकचिकनी शिकवलं. बुरशी दिसते त्याच्या पुढे गेलेली असते. नवीन लाकडाच्या कापलेल्या टोकांना औषध चांगलं मुरेपर्यंत लावायचं, कारण लाकूड पाणी पितं ते टोकाकडून. आणि आधी जागा वाळू द्यायची. त्यासाठी सगळे पत्रे काढू या, असं ते म्हणाले.

माकचिकनी विरोध केला. डुकरं येतील, साप येतील, असं त्या म्हणत राहिल्या. पाकचिकनी ऐकलं आणि दोनच पत्रे काढले. त्या दिवशी मी पुन्हा आत गेले आणि तुळईला स्क्रूड्रायव्हर लावला. टोकापासून हातभर अलीकडेही तो मुठीपर्यंत आत गेला. डब्यावरच्या फळीलाही बुरशी धरली होती. न्हाणीचं पाणी आतच मुरत होतं, पाचोळा साचला होता आणि वाऱ्याला वाट नव्हती.

मी बाहेर येऊन माकचिकना बाजूला घेतलं. म्हटलं, "पत्रे आहेत म्हणून तुमच्या विटा दिसत नाहीत. पण त्यांच्यामुळेच तुळई कुजतेय. मी आता खोटं सांगणार नाही. तुम्ही सांगा."

त्या वळून आत निघून गेल्या. मला वाटलं, आता मला इथे यायला नको.

दोन आठवड्यांनी गेले तेव्हा घराभोवतीचे सगळे पत्रे निघालेले होते. पाकचिक जमिनीवर चटई टाकून पोटावर आडवे झाले होते आणि लांबून टॉर्चने विटांकडे पाहत होते. माकचिक पायरीवर बसल्या होत्या. त्यांनी आदल्या रात्री जेवताना सांगून टाकलं होतं. तेव्हापासून पाकचिक त्यांच्याशी बोलले नव्हते. मी हात देऊन पाकचिकना उठवलं. कपड्यांवरची माती झटकत ते पहिल्यांदा बोलले, तेही माझ्याकडे पाहून.

"ही खाली असताना तुळई बसली असती तर? मी दवाखान्यातून येऊन हिला कुठे शोधणार होतो?"

माकचिक उठल्या. त्यांनी चहा करून आणला, आधी पाकचिकना, मग मला.

मुलाला माकचिकनीच फोन केला. तो पुढच्या शनिवारी आला. चाळिशीचा, अबोल माणूस. तो सामान बांधायलाच सांगेल असं माकचिकना वाटत होतं, म्हणून त्या सकाळपासून काही खात नव्हत्या. तो माझ्याबरोबर घराखाली आला आणि विटांसमोर उकिडवा बसला. मग त्याने विचारलं, हे आईने एकटीने केलं? मी हो म्हटलं. त्याने बाहेर जाऊन शेजाऱ्याच्या व्हॅनचा जॅक आणला.

काम चार शनिवार चाललं. तेवढे दिवस मीही शनिवारीच गेले. जॅकने तुळई एका वेळी बोटाच्या रुंदीपेक्षाही कमी उचलायची, मग थांबायचं, वर काही तडकतंय का ते ऐकायचं. पाकचिक वर खुर्चीत बसून सूचना द्यायचे. कुजलेलं टोक कापून दोन्ही बाजूंनी नवीन जाड लाकडं बोल्टने आवळली. खांबाखाली दगड आणि त्यावर जस्ताचा पत्रा घातला, म्हणजे जमिनीची ओल वर चढणार नाही. न्हाणीचं पाणी पाइपने लांब नेलं. पत्र्यांच्या जागी जाळी ठोकली. शेवटच्या दिवशी माझा नवराही आला आणि त्याने जाळीची एक बाजू लावली. ती जरा तिरकी लागली.

नंतर मी गेले की पाकचिक मला स्क्रूड्रायव्हर द्यायचे आणि मी घराखाली एक चक्कर मारून यायची. माती कोरडी झाली होती. कुठेच टोक आत गेलं नाही.

ते आणखी तीन वर्षं तिथे राहिले. मग पाकचिकच्या दुसऱ्या खुब्याचंही दुखणं सुरू झालं. दवाखान्यासाठी सारखं बोटीत चढणं-उतरणं त्यांना जमेना, आणि ते मुलाकडे राहायला गेले. घराला तेव्हा काहीही झालेलं नव्हतं.

मी एकदा जुरोंग ईस्टला त्यांना भेटायला गेले. पाकचिक खिडकीपाशी बसून खाली चाललेलं बांधकाम पाहत होते. तिथला मुकादम कसा चुका करतो ते त्यांनी मला सविस्तर सांगितलं. माकचिकनी केळ्याची भजी तळली होती. इथलं स्वयंपाकघर सपाट आहे, तेल कढईत एका बाजूला जात नाही, असं त्या म्हणाल्या. बरं वाटतं का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, "सवय होतेय." मग मला डब्यात भजी भरून दिली. ती गार व्हायच्या आत पोचावीत म्हणून मी लगेच एमआरटीच्या स्टेशनकडे निघाले.