गिरणीच्या लाईनीतली इंदूबाई

इंदूबाई लग्न होऊन नागपूरच्या गिरणीमागच्या, कामगारांच्या खोल्यांच्या लाईनीत आल्या, तेव्हा नवरा गोपाळराव गिरणीत विणाईखात्यात होते. पुढे गिरणी बंद पडली. बऱ्याच वर्षांनी एका बिल्डरने सगळी जागा घेतली. विणाईच्या शेडमध्ये दुकानं आणि कॅफे, वर ऑफिसं, मागे फ्लॅट असा बेत होता. लाईनीतल्यांना त्याने शहराच्या टोकाला, हुडकेश्वरला घरं देऊ केली. शेजारी एकेक करून गेले. गोपाळराव मात्र खोली सोडायची नाही म्हणून कोर्टात गेले आणि हुडकेश्वरचं घर हातचं गेलं.

निकाल लागायच्या आधीच गोपाळराव वारले. शेवटी तडजोड झाली. लाईन जुनी म्हणून तिचा दर्शनी भाग आहे तसा जपायचा, आणि इंदूबाईंनी मरेपर्यंत आपल्या खोलीत राहायचं ठरलं. अट एकच होती. राहायचं त्यांनी स्वतः. खोली महिनाभर बंद राहिली की हक्क संपला. नवरा ज्यासाठी भांडला ते मिळालं, म्हणून इंदूबाईंनी समाधानाने अंगठा दिला.

त्यानंतर शेजारच्या खोल्यांची दुकानं झाली. संध्याकाळी माणसं लाईनीपुढे उभी राहून फोटो काढायची. काहीजण खिडकीतून आत डोकावायचे आणि इंदूबाई भाकरी थापताना दिसल्या की हसून हात हलवायचे. त्यांनी खिडकी लावून घ्यायला सुरुवात केली.

एप्रिलमध्ये त्यांनी खिडकीत कूलर बसवून घेतला. दुसऱ्या दिवशी बाजारातून परतल्या तर कूलर उतरवून दाराशी ठेवलेला. त्या बिल्डरच्या ऑफिसात गेल्या. तिथली श्वेता अदबीने म्हणाली, "आजी, बाहेरून दिसेल असं काहीच लावता येत नाही. जुनं रूप बिघडतं."

इंदूबाई म्हणाल्या, "मी बी तं जुनीच हाओ. मले गरमी होते, ते कोनाले दिसून नाही राहिलं का?"

 नियम श्वेताच्या हातात नव्हता.

मे महिन्यात एका दुपारी त्यांना भोवळ आली. शेजारच्या दुकानातल्या मुलीने दार ढकलून पाहिलं आणि त्यांना दवाखान्यात पोचवलं. मौद्याहून लेक मेघा धावत आली आणि त्यांना आपल्या घरी घेऊन गेली. तिकडे अंगणात कडुनिंब होता, नातू होता, रात्री बाजेवर झोप लागायची. इंदूबाईंच्या अंगात ताकद आली. पण महिना भरत आला, तशा त्या पिशवी भरू लागल्या.

मेघा म्हणाली, "आई, काहून जातं वं? राहय ना इथंच."

"तुह्या बापानं आपला जीव त्या खोलीपायी घातला. आता मीच सोडून देऊ?"

"बाबा तुह्यासाठी भांडले. तुले कोंडून ठेवाले नाही."

इंदूबाई पिशवी भरत राहिल्या. जावयाच्या दारात दिवस काढायचे नाहीत, हेही मनात होतंच, पण ते लेकीला सांगण्यासारखं नव्हतं.

मेघाने त्यांना बसने नागपूरला आणलं, खोली झाडून दिली, माठ भरला आणि संध्याकाळच्या गाडीने परत गेली. इंदूबाईंनी फरशीवर पाणी शिंपडलं. बाहेर कोणीतरी पोरांना गिरणीची माहिती सांगत होतं. त्यांनी दार आतून लावलं आणि ओल्या फरशीवर आडव्या झाल्या.